मानांकन-मर्यादित हौशी बुद्धिबळ स्पर्धांचे संयोजन : अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :

गेल्या दीड-दोन दशकांत महाराष्ट्रात बुद्धिबळ स्पर्धांचा एक नवा प्रकार रुजला आहे. '१६०० खालील', '१८०० खालील' अशा आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या या स्पर्धांत त्या आकड्याहून अधिक आंतरराष्ट्रीय मानांकन असलेल्या खेळाडूला प्रवेश नसतो. ग्रँडमास्टर, इंटरनॅशनल मास्टर यांचे दर्शन येथे पटावर होत नाही. तरीही या स्पर्धांना शेकडो खेळाडू येतात, आणि पुष्कळदा खुल्या स्पर्धेपेक्षा अधिक येतात. वृत्तपत्रांच्या क्रीडापानावर अशा स्पर्धेला चार ओळींपलीकडे जागा मिळत नाही. तथापि खेळाचा पाया ज्यांच्यावर उभा आहे, त्या सामान्य खेळाडूंचा आंतरराष्ट्रीय यादीशी पहिला संबंध बहुधा येथेच येतो.

२०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. बोलण्यात मात्र 'नगर' हे नाव टिकून आहे. १७ हजार चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्रफळाचा आणि १४ तालुक्यांचा हा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा होय. येथील बुद्धिबळाची परंपरा सांगली किंवा पुण्याइतकी गाजलेली नाही. परंतु प्रवरा परिसरातील लोणीचा शार्दूल गागरे २०१६ मध्ये ग्रँडमास्टर झाला, आणि नगर शहरात शांतीकुमारजी फिरोदिया यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ मानांकन स्पर्धा भरविल्या गेल्या. मोठ्या शहराच्या सावलीत नसलेल्या अशा जिल्ह्यात बाहेरगावचे खेळाडू बोलावून मर्यादित मानांकनाची स्पर्धा भरवायची झाल्यास संयोजकाला कोणकोणते निर्णय घ्यावे लागतात, आणि त्या निर्णयांमुळे नेमका कोणता खेळाडू आत येतो व कोणता बाहेर राहतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

'हौशी' या शब्दाचा बदललेला अर्थ :

मराठी माणसाला 'हौशी' हा शब्द नाटकामुळे परिचित आहे. राज्य नाट्य स्पर्धेतील हौशी कलावंत म्हणजे दिवसा कचेरीत, शाळेत किंवा बँकेत काम करणारा आणि संध्याकाळी तालमीला जाणारा मनुष्य. त्याचे हौशीपण त्याच्या उपजीविकेवरून ठरते, अभिनयाच्या दर्जावरून नव्हे. बुद्धिबळातही आरंभी हाच अर्थ होता. जागतिक बुद्धिबळ महासंघाची, म्हणजे फिडेची, स्थापना २० जुलै १९२४ रोजी पॅरिस येथे झाली, ती हौशी खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या निमित्ताने जमलेल्या प्रतिनिधींकडून. त्या स्पर्धेत लॅट्व्हियाचा मॅटिसन्स विजयी झाला. १९२८ च्या हेग येथील हौशी जागतिक स्पर्धेचा विजेता मॅक्स यूवे हा गणिताचा शिक्षक होता. १९३५ मध्ये अलेखिनला हरवून तो सर्वांचा जगज्जेता झाला. तेव्हा हौशी म्हणजे दुबळा, असा अर्थ कोणाच्या मनात नव्हता.

आज चित्र निराळे आहे. फिडेच्या जागतिक हौशी स्पर्धेत २३००, २००० व १७०० खालील असे विभाग पडले, आणि भारतातही अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाच्या राष्ट्रीय हौशी स्पर्धेसाठी २३०० ही मर्यादा वापरली गेली. हौशीपण आता व्यवसायावरून नव्हे, तर आकड्यावरून ठरते. या बदलाने एक जुनी अडचण सुटली. कारण कोण खेळावर पोट भरतो हे तपासणे अवघड, पण मानांकन क्षणात तपासता येते. मात्र एक नवी अडचण उत्पन्न झाली. २३०० हा आकडा फिडे मास्टर या किताबाचा उंबरठा आहे. त्याच्या किंचित खाली असलेला खेळाडू दिवसाचे आठ तास सराव करणारा असू शकतो, आणि शेवगावच्या माध्यमिक शाळेत शिकवून रात्री पट मांडणारा शिक्षकही नियमाने त्याच्याच रांगेत 'हौशी' म्हणून बसतो. जिल्हा पातळीवरील संयोजक जेव्हा १६०० किंवा १८०० ची मर्यादा निवडतो, तेव्हा तो खरे पाहता या दुसऱ्या मनुष्यासाठी जागा राखू पाहत असतो. ती जागा प्रत्यक्षात त्याला मिळते का, हा या स्पर्धांचा कळीचा प्रश्न आहे.

येथे 'राष्ट्रीय' या शब्दाचाही खुलासा करणे आवश्यक आहे. राष्ट्रीय अजिंक्यपदाची स्पर्धा राष्ट्रीय महासंघाच्या नावाने होते आणि तिचे यजमानपद राज्य संघटनेमार्फत मिळवावे लागते. देशभरातून खेळाडू येतात म्हणून आपल्या स्पर्धेला कोणी 'राष्ट्रीय' म्हणू लागले, तर ते बरोबर ठरत नाही; तिला 'अखिल भारतीय' अथवा 'खुली मानांकन स्पर्धा' म्हणावे. दोहोंच्या तयारीत मात्र फारसा फरक नाही.

मानांकनाचे गणित आणि कुस्तीची जोड :

मानांकनाची मर्यादा समजण्यास कुस्तीतील वजनगटाचा दाखला सोयीचा आहे. नगर जिल्ह्यातील यात्रांच्या आखाड्यांत आजही पंच मंडळी दोन मल्लांना शेजारी उभे करून, अंगलट पाहून 'जोड' लावतात. जोड विषम लागली, तर कुस्ती चटकन निकाली होते आणि प्रेक्षकांचा हिरमोड होतो. बुद्धिबळात अंगलट दिसत नाही. म्हणून मागील कामगिरीचा आकडा तिच्या जागी येतो. परंतु वजन हे आजचे असते आणि मानांकन हे कालचे असते. या एका फरकातून पुढील बहुतेक गुंतागुंत जन्म घेते.

मानांकनाची प्रचलित पद्धत हंगेरीत जन्मलेले अमेरिकी पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक आर्पाद एलो यांनी सिद्ध केली. अमेरिकेच्या महासंघाने ती १९६० मध्ये आणि फिडेने १९७० मध्ये स्वीकारली. तिचे तत्त्व सोपे आहे. दोन खेळाडूंच्या मानांकनातील अंतरावरून अपेक्षित गुण काढायचे आणि प्रत्यक्ष गुणांशी ताडून पाहायचे. अंतर १०० असेल तर वरच्या खेळाडूकडून प्रत्येक डावामागे ०.६४ गुणांची अपेक्षा असते. २०० असेल तर ०.७६, आणि ४०० असेल तर ०.९२. अपेक्षेहून जितके अधिक वा उणे गुण मिळतील, त्यांना एका गुणकाने गुणून मानांकन वाढविले किंवा घटविले जाते. प्रौढ, स्थिरावलेल्या सामान्य खेळाडूसाठी हा गुणक २० आहे. नवख्या खेळाडूसाठी पहिले ३० डाव पूर्ण होईपर्यंत, तसेच १८ वर्षांखालील व २३०० च्या आतील खेळाडूंसाठी तो ४० आहे.

एक उदाहरण घेऊ. १५०० मानांकनाचा बँक कर्मचारी १३०० मानांकनाच्या अकरा वर्षांच्या मुलाकडून हरला. कर्मचाऱ्याचे १५.२ गुण जातात, मुलाला ३०.४ मिळतात. गणित निर्दोष आहे. परंतु त्या मुलाने मधल्या सहा महिन्यांत प्रशिक्षकाकडे रोज तीन तास घालविले असतील आणि त्याची खरी ताकद १७०० ची असेल, तर १३०० हा आकडा केवळ त्याचा जुना फोटो आहे. कर्मचाऱ्याच्या दृष्टीने तो दोनशे गुणांनी दुबळ्याकडून हरलेला नाही, तर दोनशे गुणांनी बलवान प्रतिस्पर्ध्याकडून हरला आहे, आणि दंड मात्र पहिल्याच हिशेबाने भरतो आहे. मर्यादित मानांकनाच्या स्पर्धांत मुलांचे प्रमाण लक्षणीय असते. त्यामुळे ज्या प्रौढासाठी दार उघडले, त्यालाच आत आल्यावर सर्वाधिक मार बसतो. यात मुलांचा दोष काहीच नाही, हे आवर्जून नोंदविले पाहिजे.

या घसरणीची दखल फिडेलाही घ्यावी लागली. पूर्वी आंतरराष्ट्रीय यादीत येण्यासाठी किमान २२०० मानांकन लागे, म्हणजे तालुक्याच्या खेळाडूला ती यादी स्वप्नवत होती. ही खालची मर्यादा टप्प्याटप्प्याने उतरत २०१२ मध्ये १००० वर आली. यादी विस्तारली, पण तळाशी असलेल्या खेळाडूंची मानांकने त्यांच्या ताकदीपेक्षा खाली राहू लागली. अखेर १ मार्च २०२४ पासून किमान मानांकन १४०० करण्यात आले आणि २००० खालील प्रत्येक खेळाडूला, त्याचे मानांकन २००० पेक्षा जितके कमी, त्याच्या ४० टक्के इतकी वाढ एकदाच देण्यात आली. १००० चे १४०० झाले, १५०० चे १७०० झाले, १६०० चे १७६० झाले.

संयोजकांनी या बदलाचा एक परिणाम नीट ध्यानात घेणे जरूर आहे. जुने १३३३ मानांकन नव्या हिशेबात १६०० होते. अर्थात आज '१६०० खालील' म्हणून जाहीर केलेली स्पर्धा ही २०२४ पूर्वीच्या त्याच नावाच्या स्पर्धेसारखी राहिलेली नाही; तिचा आवाका जुन्या १३३३ पर्यंतच उरतो, आणि खालून १४०० चा तळ आल्याने मानांकित खेळाडूंसाठी ती अवघ्या दोनशे गुणांची पट्टी बनते. जुन्या १६०० खालील वर्गाला पुन्हा एकत्र आणायचे तर मर्यादा १७५० ते १८०० च्या आसपास ठेवावी लागते. केवळ सवयीने जुना आकडा छापणे म्हणजे त्या वर्गातील वरच्या थरातल्या खेळाडूला न सांगता दाराबाहेर ठेवणे होय.

प्रवेशाच्या अटी :

मर्यादा ठरविली की पहिला वाद 'कोणत्या तारखेचे मानांकन?' यावर होतो. फिडेची यादी २०१२ पासून दरमहा निघते. स्पर्धा महिन्याच्या तीन तारखेला सुरू होणार असेल, तर नोंदणी करताना १७९० असलेला खेळाडू एक तारखेच्या यादीत १८१० होऊ शकतो. त्याचे शुल्क जमा, रेल्वेचे आरक्षण झालेले. त्याला परत पाठवायचे काय? कोणत्या महिन्याची यादी ग्राह्य, हे परिपत्रकात एका वाक्यात लिहिले असेल तर हा प्रश्न उद्भवतच नाही. आश्चर्य असे, की हेच वाक्य पुष्कळ परिपत्रकांत नसते.

दुसरा प्रश्न हेतुपुरस्सर मानांकन खाली ठेवणाऱ्यांचा. बक्षिसाची रक्कम मोठी असली की काही खेळाडू आधीच्या स्पर्धांत ढिलाईने हरून मर्यादेखाली उतरतात, अशी शंका सर्वत्र घेतली जाते. अमेरिकेच्या महासंघाने यावर उपाय म्हणून खेळाडूचे मानांकन त्याच्या सर्वोच्च मानांकनाहून एका ठरावीक अंतरापेक्षा खाली जाऊ न देण्याची तजवीज केली आहे. फिडेच्या पद्धतीत असा वैयक्तिक तळ नाही. मात्र गेल्या बारा महिन्यांतील सर्वोच्च मानांकन मर्यादेच्या आत असावे, अशी अट संयोजकाला स्वतःच्या परिपत्रकात घालता येते. अमानांकित खेळाडूंच्या बाबतीतही सावधगिरी हवी. फिडेच्या प्रमाणित, जलद व अतिजलद अशा तीन स्वतंत्र याद्या आहेत. प्रमाणित यादीत नाव नसलेला खेळाडू जलद यादीत भक्कम असू शकतो. तिन्ही याद्या पाहण्यास पंचाला दोन मिनिटे लागतात.

स्विस पद्धत आणि फेऱ्यांची संख्या :

तीनशे खेळाडूंना साखळी पद्धतीने खेळविणे अशक्य आणि बाद पद्धतीने खेळविणे अन्यायकारक. यावरचा तोडगा १८९५ मध्ये झुरिच येथील स्पर्धेत प्रथम वापरला गेला आणि म्हणूनच 'स्विस' म्हणून ओळखला जातो. प्रत्येक फेरीत समान गुण असलेले खेळाडू परस्परांशी खेळतात. एकदा झालेली जोडी पुन्हा लागत नाही. आणि पांढरी व काळी मोहरी शक्यतो आलटून पालटून मिळतात. फेरीगणिक बिनपराभूत खेळाडू निम्म्याने घटत जातात. दोनाचा आठवा घात २५६ आणि नववा ५१२; म्हणून ३०० खेळाडूंमधून एकच संपूर्ण गुणांचा विजेता निघावा, यासाठी नऊ फेऱ्या लागतात.

पहिल्या फेरीत यादीचा वरचा निम्मा भाग खालच्या निम्म्या भागाशी खेळतो. म्हणजे पहिल्या क्रमांकाची गाठ १५१ व्याशी. खुल्या स्पर्धेत ही जोड बहुधा हजार गुणांच्या अंतराची असते आणि तासाभरात आटोपते. मर्यादित स्पर्धेत हे अंतर दीडशे-दोनशेवर येते; पहिल्याच सकाळी पहिल्याच पटावर घाम फुटतो. या स्पर्धांची खरी लज्जत येथे आहे. नऊच्या नऊ डाव जिंकणे किंवा हरणे दोन्ही विरळा, आणि नवव्या फेरीपर्यंत निम्म्या सभागृहाला कोणत्या ना कोणत्या बक्षिसाची आशा असते.

याचीच दुसरी बाजू म्हणजे समान गुणांची गर्दी. अग्रस्थानी चार-सहा खेळाडू सारख्या गुणांवर थांबणे नित्याचे. त्यांचा क्रम लावण्यासाठी बुखोल्झ ही गणना वापरतात : ज्यांच्याशी आपण खेळलो, त्यांच्या अंतिम गुणांची बेरीज. ज्याचे प्रतिस्पर्धी अधिक यशस्वी, त्याचा क्रम वर. आपल्या हातात नसलेल्या निकालांवर पाच हजारांचे बक्षीस दोन हजारांचे होते, तेव्हा पालकांचा संताप समजण्यासारखा असतो; पण हा क्रम स्पर्धेपूर्वी लेखी जाहीर झालेला असेल तर संताप तक्रारीत बदलत नाही. जोड्या संगणक लावतो, पंच नव्हे, हेही दर फेरीस कोणाला तरी समजावून सांगावे लागते.

दिवस, वेळ आणि मंगल कार्यालय :

वेळेचे नियोजन हा वरकरणी तांत्रिक वाटणारा, पण सर्वांत सामाजिक परिणाम असलेला निर्णय होय. भारतात ९० मिनिटे आणि प्रत्येक चालीस ३० सेकंदांची वाढ, ही वेळ रूढ आहे. ६० चालींचा डाव धरल्यास प्रत्येकास १२० मिनिटे, म्हणजे एका फेरीला चार तास. दिवसाला दोन फेऱ्या धरल्या तर नऊ फेऱ्यांना पाच दिवस लागतात. सुटीतील शाळकरी मुलास पाच दिवस काहीच नाहीत. साखर कारखान्यातील लेखनिकाला किंवा एस. टी.च्या वाहकाला पाच दिवसांची रजा म्हणजे वर्षाच्या रजेतील मोठा वाटा. आणि बाहेरगावी राहण्याचा खर्च वेगळाच.

फिडेचे नियम याहून उदार आहेत. २४०० वा अधिक मानांकनाचा खेळाडू पटावर असेल तरच १२० मिनिटांची सक्ती आहे. १८०० वा अधिक असेल तर ९० मिनिटे पुरतात, आणि दोघेही १८०० खाली असतील तर ६०. तेव्हा १८०० खालील स्पर्धा ६० मिनिटे अधिक ३० सेकंद या वेळेत बिनदिक्कत घेता येते. फेरी तीन तासांची होते, दिवसाला तीन फेऱ्या बसतात, आणि शुक्रवार ते रविवार अशा तीन दिवसांत नऊ फेऱ्या पुऱ्या होतात. हे दिवस दमवणारे असतात, आणि डावाची प्रत काहीशी उतरते हेही खरे. तरीसुद्धा नोकरदार हौशी खेळाडू हवा असेल तर ही किंमत मोजण्यासारखी आहे. पाच दिवसांची स्पर्धा ठेवून 'प्रौढ येत नाहीत' अशी खंत व्यक्त करण्यात अर्थ नाही.

तारखांचा प्रश्न नगरसारख्या जिल्ह्यात पंचांगाशी जाऊन भिडतो. तीनशे खेळाडू बसतील असे सभागृह म्हणजे व्यवहारात मंगल कार्यालय. शाळांना सुटी मे महिन्यात, आणि लग्नसराईचा कळसही तेव्हाच. कार्यालय मिळत नाही, मिळाले तर भाडे परवडत नाही, आणि पत्र्याच्या छताखाली दुपारची फेरी खेळणे ही शिक्षाच असते. चातुर्मासात कार्यालये रिकामी असतात, पण शाळा सुरू असतात. या दोहोंच्या मधली एक चिंचोळी फट म्हणजे दिवाळी ते तुळशीचे लग्न. शाळांना सुटी, मुहूर्त अजून सुरू न झालेले, हवा सुखद. फक्त त्याच सुमारास उसाचा गळीत हंगाम तोंडावर येतो आणि कारखाना परिसरातील पालकांची धावपळ सुरू होते. या फटीत एकाहून अधिक जिल्हे शिरू पाहतात. म्हणून तारीख राज्य संघटनेच्या वेळापत्रकात आधी निश्चित करून घ्यावी आणि स्पर्धेची फिडेकडील नोंदणी राष्ट्रीय महासंघामार्फत आगाऊ करावी. नोंदणीशिवाय झालेले डाव मानांकनासाठी धरले जात नाहीत.

सामग्रीचा हिशेब सरळ आहे. ३०० खेळाडूंसाठी १५० पट, १५० डिजिटल घड्याळे आणि दहा-पंधरा राखीव. नऊ फेऱ्यांत जास्तीत जास्त १३५० डाव, म्हणजे २७०० नोंदपत्रके. घड्याळे बहुधा शेजारच्या जिल्हा संघटनांकडून उसनी आणली जातात. परत करताना ती मोजून द्यावी लागतात, आणि नेमके एक कमी भरते. दृष्टिबाधित खेळाडू असल्यास त्याच्या दुसऱ्या, खुंटीच्या पटासाठी रुंद मेज हवे. कार्यालयाची जेवणाची अरुंद मेजे तेथे चालत नाहीत. वीज गेल्यास जनित्र हवे, कारण घड्याळे बॅटरीवर चालतात पण सायंकाळची फेरी अंधारात चालत नाही.

भ्रमणध्वनीचा विषय अधिक गंभीर आहे. पंचाच्या परवानगीविना खेळाच्या जागेत इलेक्ट्रॉनिक उपकरण जवळ बाळगणे हा नियमभंग आहे आणि त्याची परिणती डाव गमावण्यात होते. एकट्याने एस. टी.ने आलेला जामखेडचा खेळाडू आपला फोन ठेवणार कोठे? मुलाचा फोन बापाकडे असतो. प्रौढाचा कोणाकडेच नसतो. दाराशी क्रमांकाची चिठ्ठी देऊन फोन सांभाळणारा एक मनुष्य नेमला, तर नियम पाळणे शक्य होते. उशिरा येण्याबाबतही असेच. परिपत्रकात मुदत दिलेली नसेल तर नियमानुसार फेरी सुरू होताच गैरहजर खेळाडू हरतो. अकोल्याहून पहाटेच्या गाडीने निघालेल्याचा विचार करून अर्ध्या तासाची सवलत लिहून ठेवावी.

पैसा, बक्षिसे आणि स्थानिक खेळाडू :

अशा स्पर्धांना तिकीट नसते, प्रेक्षक नसतात, प्रक्षेपण नसते. खर्चाचा मोठा भाग खेळाडूंच्या प्रवेश शुल्कातून निघतो आणि उरलेला देणगीदाराकडून. त्यामुळे एक मोह नेहमी असतो : बक्षिसांची रक्कम फुगवायची, तिच्या जोरावर दूरदूरचे खेळाडू ओढायचे आणि शुल्कही चढवायचे. या चक्रात बहुसंख्य खेळाडू मूठभरांच्या बक्षिसाचे पैसे भरतात. ज्याला बक्षीस मिळण्याची शक्यता नाही, जो केवळ नऊ चांगले डाव खेळण्यासाठी आला आहे, त्याला या व्यवहारात काय मिळते, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. पहिल्या बक्षिसातून थोडी रक्कम कमी करून जिल्ह्यातील खेळाडूंना शुल्कात सवलत, महाविद्यालयाच्या वसतिगृहात निवास आणि दुपारचे साधे जेवण देता येते. सहकाराचा वारसा सांगणाऱ्या जिल्ह्यात शाळा, महाविद्यालये व कारखाने यांचे साहाय्य मागणे अस्वाभाविक नाही. लोणीची पहिली सहकारी साखर कारखानदारी याच जिल्ह्यात १९५० साली उभी राहिली.

गटवार बक्षिसांत सात, नऊ, अकरा, तेरा वर्षांखालील असे गट हमखास असतात. पंचेचाळीस वर्षांवरील खेळाडू, महिला, अमानांकित आणि 'जिल्ह्यातील सर्वोत्तम' हे गट मात्र संयोजकाच्या मर्जीवर अवलंबून राहतात. मुलांच्या गटांपैकी दोन कमी करून ते प्रौढांकडे वळविल्यास कोणाचे फारसे नुकसान होत नाही.

स्पर्धेनंतर :

बक्षीस समारंभ आटोपला, खुर्च्या रचल्या गेल्या, तरी मुख्य पंचाचे काम संपत नाही. सर्व निकालांचा अहवाल महासंघामार्फत फिडेकडे जातो आणि पुढील यादीत त्याचे प्रतिबिंब पडते. अमानांकित खेळाडूला मानांकन मिळण्यासाठी मानांकित प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध किमान पाच डाव व्हावे लागतात. २०२४ पासून या डावांत १८०० मानांकनाच्या दोन काल्पनिक प्रतिस्पर्ध्यांशी झालेल्या बरोबरी मिळविल्या जातात. समजा, श्रीरामपूरच्या एका खेळाडूने सरासरी १५०० मानांकनाच्या पाच जणांविरुद्ध दोन गुण मिळविले. दोन काल्पनिक डाव धरून त्याचे सात डावांत तीन गुण होतात, प्रतिस्पर्ध्यांची सरासरी सुमारे १५८६ होते, आणि त्याचे पहिले मानांकन १५३६ च्या आसपास येते. जुन्या रीतीने ते १४२८ भरले असते.

परंतु मर्यादित स्पर्धांत अमानांकितांची संख्या मोठी असल्याने पुष्कळदा अमानांकितांची गाठ परस्परांशीच पडते, आणि नऊ फेऱ्या खेळूनही एखाद्याच्या खात्यावर मानांकितांविरुद्धचे तीनच डाव जमा होतात. हे तीन डाव वाया जात नाहीत. २६ महिन्यांच्या आत आणखी दोन डाव मिळाले, तर पाचांची बेरीज होऊन त्याचे नाव यादीत येते. पुण्याच्या खेळाडूला हे दोन डाव पुढच्याच महिन्यात मिळू शकतात. पाथर्डीच्या खेळाडूला ते मिळणे, त्या २६ महिन्यांत जिल्ह्यात दुसरी नोंदणीकृत स्पर्धा भरते की नाही यावर अवलंबून असते.